कुऱ्हे सापडेना म्हणून ओपन सोर्समध्ये शिरलो

माझ्या मामेभावाचं, म्हणजे आप्पाचं, भुसावळ तालुक्यात कृषी केंद्र आहे. खतं, बियाणं, फवारणीची औषधं, आणि अर्थातच उधारी. उधारीचा हिशोब तो एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो, मीच टाकून दिलं होतं दोन वर्षांपूर्वी. मागच्या हिवाळ्यात कापसाचे पैसे लोकांच्या हातात यायला लागले तसा आप्पा वसुलीला बसला, गावाच्या रकान्यात 'कुऱ्हे' टाइप केलं, म्हणजे आपलं कुऱ्हे पानाचे, आणि यादीत आली ११ नावं. जुन्या वहीत मोजली तर १९. लगेच मला फोन, "अर्धे लोक कुठी गेले रे बापा? तुह्या सॉफ्टवेअरले कुऱ्हे माहीत नाही का?"

ते ८ लोक शोधता शोधता मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये कोड दिला. नोकरीत दहा वर्षं कोड लिहितोय पण ते वेगळं, तिथे शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारता येतं. जळगावातली कॉलेजची पोरं मला नेहमी विचारतात की ओपन सोर्सला कॉन्ट्रिब्यूट कसं करायचं, आणि यूट्यूबवर त्यांना सगळे गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या, कमांडच शिकवतात, पण खरं सांगू का, कमांड हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड दोनच गोष्टी, एक म्हणजे ते सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालू करणं, आणि दुसरी म्हणजे ज्याने आपल्याला कधी बघितलं नाही अशा माणसाला कमीत कमी त्रासात पटवून देणं की आपला बदल बरोबर आहे. म्हणून कुऱ्ह्याचीच गोष्ट सांगतो, त्यात सगळं येऊन जातं. (कमांडची नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करायची, हे सांगायला नको.)

आधी एक गैरसमज काढून टाकू. ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच नाही. व्हॉट्सॲप पण फुकट आहे, पण त्याचा कोड तुम्हाला कोणी दाखवणार नाही. ओपन सोर्समध्ये कोड वाचता येतो, बदलता येतो, बदललेला दुसऱ्याला देता येतो, आणि हे सगळं कशाच्या जोरावर तर लायसन्सच्या. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लायसन्स नावाची फाइल असते ती पहिली उघडायची. एमआयटी लायसन्स असेल तर त्यांची कॉपीराइटची सूचना तशीच ठेवून काहीही करा. जीपीएल असेल तर बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. आणि फाइलच नसेल तर कोड समोर दिसत असला तरी तो मालकाचाच, तुम्हाला वापरायचा हक्क मिळालेला नाही. रस्त्याला लागून केळीचा बाग दिसला म्हणून कोणी घड तोडून नेतो का, तसंच हे.

तर कुऱ्हे. आधी मला वाटलं आप्पानं टाइप करताना काही घोळ केला असेल, पण स्क्रीनवर सापडलेल्या ११ आणि न सापडलेल्या ८, दोन्हींपुढचं गावाचं नाव डोळे फाडून बघितलं तरी सारखंच. हे बघा, एक 'कुऱ्हे' आणि दुसरं 'कुर्‍हे'. तुमच्या स्क्रीनवर बहुतेक दोन्ही एकसारखेच दिसत असतील. पण कॉम्प्युटर अक्षर बघत नाही, त्याच्यामागचे नंबर बघतो, त्या नंबरांचं जगभर मान्य असलेलं कोष्टक म्हणजे युनिकोड. पहिल्या कुऱ्ह्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, नंबर ०९३१, मग हलंत, मग ह. दुसऱ्यात साधा र, नंबर ०९३०, मग हलंत, मग एक न दिसणारं चिन्ह ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, म्हणजे जोडणारं पण स्वतः जागा न घेणारं, नंबर २००डी, आणि मग ह. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो, आपला तो कोयत्यासारखा अर्धा र. पण शोधणाऱ्या कोडला हे दोन वेगळे शब्द. आप्पा दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका कीबोर्डनं टाइप करतो, त्याची पोरगी मोबाइलवर दुसऱ्या कीबोर्डनं, म्हणून ११ एकीकडे आणि ८ दुसरीकडे. केऱ्हाळे, कुऱ्हा काकोडा, वऱ्हाड, सगळ्यांचं हेच होणार होतं.

इथे बहुतेक जण काय करतात, लगेच कोड उघडतात. करू नका. आधी प्रोजेक्टच्या इश्यूंच्या यादीत बघा की हीच तक्रार कोणी आधी केलीये का. इश्यू म्हणजे तक्रारवहीतली एक नोंद, तिला नंबर असतो, तिच्याखाली चर्चा चालते. मला काही सापडलं नाही म्हणून मी नवीन टाकला, आणि पहिल्यांदा टाकला तो इतका भिकार होता की आज वाचायला लाज वाटते, 'मराठी सर्च चालत नाही, प्लीज फिक्स करा', बस. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं की हा फॉन्टचा प्रश्न दिसतोय, आणि चूक त्यांची नव्हतीच. ज्या माणसाला मराठीचं एक अक्षर येत नाही त्याला मी काय दिलं होतं, काहीच नाही. मग दुसऱ्यांदा नीट लिहिलं, सॉफ्टवेअरचं व्हर्जन कुठलं, मी काय टाइप केलं, काय दिसायला पाहिजे होतं, काय दिसलं, आणि दोन्ही शब्दांचे सगळे नंबर एकाखाली एक. दोन तासांत उत्तर, 'ओह, समजलं, तुम्ही दुरुस्त करणार का?' आणि पुढे लिंक, कॉन्ट्रिब्यूटिंग नावाच्या फाइलची. ही फाइल म्हणजे त्या घरची रीत, कोड कसा लिहायचा, टेस्ट कशा चालवायच्या, बदल कसा पाठवायचा. लग्नघरी आहेर करायचा तरी आपण आधी विचारतो, इथे तर सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि तरी कोणी वाचत नाही.

आता सेटअप, जिथे माझ्या दोन रात्री गेल्या.

आधी फोर्क. म्हणजे मूळ प्रोजेक्टची एक पूर्ण प्रत, गिटहबसारख्या साइटवरच्या तुमच्या खात्यावर. आपल्याकडच्या लोकांना हे केळीच्या पिलासारखं सांगितलं की पटकन कळतं, आईच्या खोडाजवळून निघालेलं, तेच वाण, पण मुळं आता त्याची. ते पील वेगळं लावून स्वतंत्र बागही करता येते, २०१० मध्ये ओपनऑफिसपासून लिब्रेऑफिस असंच वेगळं झालं आणि आज बहुतेक लोक लिब्रेऑफिसच वापरतात. फरक एवढाच की केळीत पिलातलं काही परत आईच्या खोडात जात नाही, इथे मात्र तुम्ही केलेली सुधारणा परत मुळात पाठवता येते, आणि आपल्याला तेच करायचंय. मग क्लोन, म्हणजे ती प्रत खात्यावरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवणं. गावाकडचं नेट असेल आणि प्रोजेक्ट जुनं असेल तर क्लोन करताना डेप्थ १ असं सांगता येतं, म्हणजे सगळा इतिहास न येता फक्त आजची अवस्था येते. पुढे इतिहास लागलाच तर फेच अनशॅलो करून मागवता येतो. मी हे न करता मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पूर्ण क्लोन लावला आणि लाइट गेली तशी मोबाइलच्या टॉवरनं पण मान टाकली, परत पहिल्यापासून.

गिट नेमकं काय करतं ते दोन ओळीत, कारण हे माहीत नसताना कमांड पाठ करणं म्हणजे पाढे न समजता म्हणणं. गिट ही बदलांची वही आहे, प्रत्येक कमिट म्हणजे एक नोंद, कोणी कधी काय बदललं आणि का. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतलं कारण लिनक्सच्या टीमला फुकट वापरता येणारं आधीचं टूल बंद झालं होतं, आणि थोड्याच दिवसांत गिटचा स्वतःचा कोडच गिटमध्ये ठेवला जायला लागला. गिटहब ही नंतर २००८ ला आलेली वेबसाइट, वही ठेवायची जागा. गिट वेगळं, गिटहब वेगळं, इंटरव्ह्यूला हे विचारतात म्हणून नाही, तर गिटलॅब, कोडबर्ग अशाही जागा आहेत आणि लिनक्स कर्नलचे बदल तर आजही ईमेलवरून जातात म्हणून सांगतोय.

उतरवलं. आता चालवायचं. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहिलेलं, पायथन ही कोडची भाषा ३.११ व्हर्जनची पाहिजे, माझ्याकडे जुनं. नवीन टाकलं तर दुसरं एक ऑफिसचं काम बंद पडलं. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायचं, म्हणजे या घरचे डबे त्या घरात जात नाहीत. मग सेटिंगची नमुना फाइल असते ती कॉपी करून नाव बदलायचं असतं, मी नमुन्यातच पासवर्ड टाकून बसलो, आणि ती फाइल गिटमध्ये असते म्हणजे तो पासवर्ड जगाला दिसला असता, वेळेवर लक्षात आलं. मग डेटाबेस जोडणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, बसेना, लाल अक्षरांत दोनशे ओळींचा एरर. अशा वेळी सगळा एरर वाचायचा नसतो, बहुतेक वेळा कामाची ओळ अगदी शेवटी किंवा अगदी पहिल्यांदा जिथे 'एरर' शब्द येतो तिथे असते. तिथे दिसलं की सिस्टीममध्ये एक पॅकेज आधी टाकायला लागतं जे रीडमीमध्ये लिहिलेलंच नाही.

आणि माझं पहिलं कॉन्ट्रिब्यूशन काय तर हीच एक ओळ! कुऱ्हे नंतर, आधी रीडमीमध्ये 'उबुंटू लिनक्सवर असाल तर आधी हे पॅकेज टाका' एवढं लिहून पाठवलं, त्याच दिवशी स्वीकारलं. जुन्या लोकांच्या मशीनवर ते पॅकेज वर्षानुवर्षं बसलेलं असतं, त्यांना ती अडचण दिसतच नाही, नव्यालाच दिसते. म्हणून सेटअप करताना कुठे अडलो ते कागदावर लिहीत जा, तुमच्या नवखेपणाची किंमत तेवढ्याच दिवसांत आहे.

कोडला हात लावायच्या आधी टेस्ट चालवायच्या. टेस्ट म्हणजे कोड तपासणारा कोड. माझ्याकडे काहीही न बदलता ३ टेस्ट फेल. तारखेच्या होत्या, लिहिणाऱ्यानं धरून चाललं होतं की घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आहे, आपलं साडेपाच तास पुढे. हे आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर बदल केल्यावर टेस्ट फेल दिसल्या असत्या आणि मी रात्रभर माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसलो असतो.

मग ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, तिच्यावर काहीही केलं तरी मुख्य कोड तसाच राहतो. मेन ब्रँचवर काम करायचं नाही, प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच. तुमच्या फोर्कला गिट ओरिजिन म्हणतं, मूळ प्रोजेक्टला आपण अपस्ट्रीम असं नाव देऊन जोडून घ्यायचं, आणि काम सुरू करायच्या आधी तिकडचं ताजं इकडे ओढून घ्यायचं. नाही घेतलं तर कॉन्फ्लिक्ट. लग्नपत्रिकेचं प्रूफ दोन काकांकडे गेलं, एकानं त्याच ओळीत मुहूर्त बदलला आणि दुसऱ्यानं त्याच ओळीत कार्यालयाचं नाव, प्रेसवाला कोणाचं ऐकणार? तो दोन्ही कागद समोर ठेवून विचारतो. गिट पण तेच करतं, दोन्ही ओळी खुणा करून दाखवतं, ठरवायचं माणसानं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आता खरी दुरुस्ती. मी हुशारी केली, शोधायच्या आधी झेडडब्ल्यूजे सगळीकडून काढून टाकायचा आणि ऱ चा सरळ र करायचा, चार ओळींत काम. दोन्ही कुऱ्हे जुळले, १९ नावं आली, आप्पाला फोटो पाठवला, आणि पुल रिक्वेस्ट टाकली. पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझ्या ब्रँचमधला हा बदल तुमच्याकडे ओढून घ्या' अशी विनंती, त्यात कुठली ओळ गेली कुठली आली ते लाल हिरव्यात दिसतं.

तिकडे दिसलं की मी ४०० च्या वर ओळी बदलल्या. चार ओळींच्या चारशे कशा झाल्या? माझा एडिटर फाइल सेव्ह करताना सगळी फाइल आपल्या पद्धतीनं नीटनेटकी करून टाकतो, रिकाम्या जागा, अवतरणचिन्हं, सगळं. तपासणाऱ्यानं शांतपणे लिहिलं, 'फक्त गरजेच्या ओळी ठेवाल का?' तेव्हापासून मी कमिट करायच्या आधी गिट डिफ, म्हणजे काय बदललं ते दाखवणारी कमांड, करून एकेक ओळ बघतो, पेरणी झाल्यावर बांधावरून चक्कर मारतात तसं.

ते नीट केलं. मग त्यांचा दुसरा प्रश्न आला, आणि यासाठी मी त्या माणसाला मानलं, मराठी येत नसताना विचारलं, 'या दोन रूपांनी तुमच्या भाषेत कधी वेगळे शब्द होतात का? हेच फंक्शन आम्ही ग्राहक दोनदा टाकला गेलाय का ते तपासायलाही वापरतो.' मी सरळ नाही लिहिणार होतो. जेवायला बसलो, ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि एकदम डोक्यात आलं, आचारी! आचाऱ्यांना वांगी दिली तर भरीत होतं, आचार्यांना दिली तर प्रवचन ऐकावं लागेल. दऱ्या डोंगरातल्या आणि दर्या समुद्र. माझ्या हुशारीनं आचारी आणि आचार्य एक झाले असते. म्हणजे चिन्ह उडवून चालणार नव्हतं, दोन्ही लिहिण्याच्या पद्धती एका पद्धतीत आणायच्या होत्या, र हलंत झेडडब्ल्यूजे असा क्रम दिसला की त्याच्या जागी ऱ हलंत ठेवायचं, रफारवाल्या साध्या र ला हातही लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल युनिकोडचं स्वतःचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करायची रीत, आहे की, एनएफसी. आहे, आणि र खाली नुक्ता अशा तिसऱ्या पद्धतीनं लिहिलेला ऱ तो बरोबर ०९३१ करून देतो. पण झेडडब्ल्यूजेवाल्याला तो हात लावत नाही, तेवढं आपणच करायचं. शिवाय त्यांनी सांगितलं की आप्पानं टाइप केलेलं मूळ नाव बदलायचं नाही, जसंच्या तसं ठेवायचं, शोधण्यासाठी वेगळा रकाना करायचा आणि त्यात हे एकसारखं केलेलं रूप ठेवायचं. ग्राहकाचं नाव त्यानं लिहिलं तसंच पावतीवर आलं पाहिजे, बरोबरच आहे. मग टेस्ट लिहिल्या, एक दोन्ही कुऱ्हे जुळतात म्हणून आणि एक 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' जुळत नाहीत म्हणून. ती दुसरी टेस्ट माझी आवडती, उद्या कोणी माझ्यासारखीच चार ओळींची हुशारी केली तर ती टेस्ट ओरडेल.

कमिटच्या मेसेजमध्ये 'काय केलं' पेक्षा 'का केलं' लिहायचं, काय केलं ते तर कोडमध्ये दिसतंच. काही प्रोजेक्टला सही पण लागते, कमिट करताना एस जोडला की तुमचं नाव ईमेल सकट एक ओळ खाली येते, म्हणजे 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं तुम्ही म्हणताय. लिनक्सनं ही पद्धत २००४ मध्ये सुरू केली. ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसच्या वेळेत लिहिलेला कोड असेल तर तो हक्क तुमचा आहे का ते कंपनीचं पत्र काढून बघा, नंतर बोंब नको.

पाठवल्यावर थांबायचं. हे पोरांना जमत नाही, सकाळी टाकली की संध्याकाळी 'एनी अपडेट सर?' समोरचा माणूस बहुतेक वेळा नोकरी करून रात्री फुकटात हे बघतो. आणि तो अनोळखी माणसाचा कोड बारकाईनं बघतो त्यालाही कारण आहे. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लिनक्सवर सगळीकडे असलेल्या छोट्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला, तो घालणाऱ्यानं दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला होता, आणि तो दरवाजा उघडकीला आला कशानं तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. तेव्हा तुम्हाला चार प्रश्न जास्त विचारले तर मनाला लावून घेऊ नका. एआयकडून लिहून घेऊन न समजता पाठवणारे तर आता इतके झालेत की काही प्रोजेक्टमध्ये एआय वापरला असेल तर तसं सांगायला लावतात. वापरा, माझी ना नाही, पण आचारी आणि आचार्यचा प्रश्न आला की उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

प्रोजेक्ट कुठला निवडायचा? गुड फर्स्ट इश्यू असं लेबल असतं नव्या लोकांसाठी, ते ठीक आहे, पण मी म्हणेन जे तुम्ही रोज वापरता तेच, कारण त्याचं कुठे खुपतं ते तुम्हाला माहीत असतं. कोड येत नसेल तर फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पाँटून नावाच्या भाषांतराच्या साइटवर चालतं, लिब्रेऑफिसचं वेबलेट नावाच्या तशाच साइटवर, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या वाड्या-वस्त्यांची नावं मराठीत टाकायला तर कोडिंगची गरजच नाही.

माझी पुल रिक्वेस्ट टाकल्यापासून चौथ्या आठवड्यात मर्ज झाली. आप्पाला सांगितलं तर म्हणे दुकानात तर अजून ११च दिसताय, मग त्याला समजावलं की मर्ज म्हणजे त्यांच्या वहीत चढलं, तुझ्या कॉम्प्युटरवर येईल ते पुढचं व्हर्जन निघाल्यावर. ते आणखी दीड महिन्यानं आलं, तोवर त्यानं वसुली वहीवरच उरकली होती.

आणि आता परवा परत फोन. ॲसिटामिप्रिड या कीटकनाशकाचा स्टॉक शोधला तर अर्धाच दिसतो. मी न बघताच ओळखलं, 'ॲ' पण दोन पद्धतीनं लिहिता येतो, एक अख्खं अक्षर नंबर ०९७२, जे युनिकोडमध्ये २००८ ला आलं, आणि दुसरं अ वर चंद्र देऊन, 'अॅ', आणि या दोघांना एनएफसी पण एक मानत नाही. इश्यू टाकला, पण कोड मी लिहीत नाहीये, आप्पाची पोरगी बीएस्सी कॉम्प्युटरला आहे तिला दिलाय. काल रात्री साडेअकराला तिचा फोन, "काका, टेस्ट फेल होऊन राहिल्या."

"काही बदललं का तू अजून?"

"काहीच नाही."

"किती फेल?"

"तीन. तारखेच्या आहेत."

त्या मी तेव्हा बघून सोडून दिल्या होत्या. तिला म्हटलं ॲ राहू दे बाजूला, आधी याचाच इश्यू टाक.